खाऱ्या हवेतलं जुनं मोटरचं मशीन घरी कसं नीट करायचं

आमच्या पट्टीत शिवणमशिनं वापरून कमी आणि बसून जास्त बंद पडतात. बाई मुंबईला मुलाकडे जाते, मशीनवर प्लास्टिकचं कव्हर चढतं, मध्ये एक-दोन पावसाळे जातात आणि परत येऊन बघावं तर चाक हलत नाही. मग घरातलंच कोणीतरी म्हणतं, भंगारात द्या. भंगारवाला खूश, कारण ओतीव लोखंड तराजूत चांगलं भरतं. देऊ नका. वाळलेलं तेल, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली चेपून बसलेली लव, वरवरचा गंज आणि वायरीचं भुसभुशीत झालेलं रबर, बहुतेक मशिनांचं दुखणं या चारांतलंच असतं. चारही घरी निस्तरता येतात, फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी साफसफाई, मग तेल, मग सुई-दोरा आणि सगळ्यात शेवटी वीज. लोक नेमकं उलटं करतात. आल्या आल्या प्लग खुपसतात, मोटर घुं करते, टाका बसत नाही, की लागले टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू पिळायला.

मी वेंगुर्ल्यात शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, नऊवारी, आणि गणपतीच्या तोंडावर मखराचे पडदे. माझं मशीन काळं सिंगर आहे, पंधरा नंबरच्या घाटाचं. म्हणजे बॉबिन केस उभी, डावीकडून आत बसणारी. मागे कंसावर मोटर आणि खाली लोखंडी पेडल. आपल्याकडच्या उषा, मेरिट वगैरे काळ्या मशिनांतली बरीचशी याच घाटाची असतात, त्यामुळे लुधियानाचे सुटे भाग त्यांना सहसा बसतात. सिंगरचा नंबर उजव्या हाताला खालच्या पाटावर कोरलेला असतो. त्याची सुरुवात ‘ई’ आणि त्याला जोडून आणखी एका अक्षराने होत असेल, तर मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. म्हणून मूळ भाग जपून ठेवा, एखादा स्क्रू हरवला तर तस्सा मिळेलच असं नाही. मी उघडताना खाली जुनी पांढरी चादर अंथरते आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढते.

चाक अडलं असेल तर

प्लग काढा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण जुन्या घरांत बटण कोणत्या तारेवर बसवलंय ते कोणालाच ठाऊक नसतं. मग मोटरचा पट्टा उतरवा. मोटरची पुली बोटांनी फिरवून बघा. ती मोकळी फिरली तर मोटरचं लचांड नाही, निदान अडकण्याचं तरी नाही.

आता मोठं चाक. त्याच्या मधोमध जो गोल स्क्रू असतो, बॉबिन भरताना आपण ढिला करतो तो, तो ढिला करा. चाक एकटंच फिरायला लागलं तर अडचण मशीनच्या पोटात आहे. तरीही फिरलं नाही तर चाकाच्या बुशमध्येच, म्हणजे दांडा ज्या नळीत फिरतो तिथेच, तेल वाळलंय. हा स्क्रू पूर्ण काढलात तर त्यामागे तीन कान असलेली एक चकती निघते. परत बसवल्यावर चाक फिरतंय पण सुई हलत नाही, असं झालं तर घाबरू नका. चकती काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. ती एकाच बाजूने पकडते.

पोटातली अडचण असेल तर शटलपासून सुरुवात, म्हणजे बॉबिन केसमागचा, खालून दोरा पकडणारा टोकदार भाग. सुई काढून ठेवा, बॉबिन केस बाहेर घ्या. शटलच्या कड्याला दोन्ही बाजूंना खिट्ट्या असतात, त्या बाहेर वळवल्या की कडं सुटतं आणि पाठोपाठ शटल हातात येतं. इथे दोऱ्याचा बारकासा तुकडा अडकला तरी अख्खं मशीन गच्च होतं. चिमट्याने काढा आणि शटल ज्या खोबणीत फिरतं ती कापडाने पुसा. शटलच्या टोकावरून नख फिरवा. खरखर लागली तर दोरा तिथेच तुटतो. अगदी बारीक पॉलिश पेपरने, तेल लावून, दोन-चार हलके हात पुरतात. टोक बोथट करायचं नाही.

मग सुईपट्टीचे दोन स्क्रू काढा. दात्यांच्या मधल्या फटींत लव इतकी घट्ट बसलेली असते की ती पट्टीच निघते, नमद्याच्या तुकड्यासारखी. कापड पुढे सरकत नाही, टाके एकावर एक पडतात, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचं अर्धं काम इथेच होतं. दात वर आल्यावर सुईपट्टीच्या वर साधारण एक मिलिमीटर दिसायला हवेत.

आता तेलाचं. आमच्या शेजारच्या काकी मशीन घेऊन आल्या तेव्हा आल्या आल्या अभिमानाने म्हणाल्या, “खोबऱ्याचा तेल घातलंय गो, घरचा, एकदम शुद्ध.” तिथेच कळलं काय झालंय ते. खोबरेल पंचवीस अंशांच्या खाली थिजायला लागतं, पौष महिन्यात पहाटे बाटलीत बघतोच आपण. मशीनच्या बारीक फटींत ते लव आणि धूळ धरून बसतं आणि हळूहळू त्याची पिवळट तपकिरी पुटं चढतात. काकींच्या मशीनचा सुईदांडा वर गेला की वरच राहायचा. डोक्याला लावायचं कुठलंच तेल, शेंगदाण्याचं तेल, स्कूटरचं इंजिन ऑइल, यांतलं काहीही मशीनला चालत नाही. पातळ, पाण्यासारखं पांढरं मशीन ऑइल मिळतं, तेवढंच.

वाळलेलं तेल सोडवायला रॉकेल उत्तम, पण ते आता सहजी मिळत नाही. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं. मोटर आणि वायर मशीनवरून पूर्ण उतरवून बाजूला ठेवा, त्यांना याचा थेंबही लागता कामा नये. हे काम चुलीपासून लांब, खळ्यात म्हणजे अंगणात, किंवा पडवीत करायचं. डाव्या टोकाची पत्र्याची झाकणी काढली की सुईदांडा आणि कापड दाबून धरणाऱ्या पायाचा दांडा दिसतो. वरच्या भोकांतून, या दांड्यांवर, आणि मशीन मागे कलंडवून खालच्या प्रत्येक सांध्यावर थोडं थोडं सोडा. मग थांबा. जोर लावून चाक पिळू नका, थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा थेंब, पुन्हा थांबणं. रात्रभर मुरू द्यावं लागलं तर लागू दे.

दिवाळीनंतर किंवा चैत्र-वैशाखात काम काढलंत तर कोकणातलं ऊन हे फुकटचं औजार आहे. मशीनचं डोकं दुपारी खळ्यात ठेवा. लोखंड हाताला चटका देण्याइतकं तापलं की आतलं पूट मऊ पडतं आणि टर्पेंटाइन खोलवर शिरतं. काकींचा सुईदांडा असाच सुटला. ऊन नसेल तर टर्पेंटाइन सोडण्याआधी केस वाळवायचं यंत्र त्या सांध्यावर धरा.

एक जपा. काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी वार्निशखाली असते. तिच्यावर स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर असलं काही लावलंत तर काळा रंग राहील आणि सोनं फडक्यावर येईल. नक्षी मशीन ऑइलने भिजवलेल्या मऊ कापडाने पुसायची, घासायची नाही. माहेरहून आलेलं मशीन सॅनिटायझरने ‘स्वच्छ’ करणारे लोक मी कोविडच्या वर्षांत बघितलेत, तेव्हा काय बोलावं ते सुचेना.

मीठ आधी, तेल नंतर

घाटावरच्या कोणाला हे सांगावं लागत नाही, पण उभादांडा, मोचेमाड, शिरोडा, अशा वाऱ्याच्या तोंडावरच्या घरांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ मशीनच्या उघड्या लोखंडावर बसतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. मीठ तेलात विरघळत नाही. त्यामुळे वरून कितीही तेल चोळलंत तरी तेलाच्या खाली मीठ तसंच राहतं आणि गंज आतल्या आत चालूच. लोक म्हणतात, एवढं तेल घालूनही गंजतं. गंजणारच.

म्हणून आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं घ्या. सुईपट्टी, पायाचा दांडा, चाकाची चकाकणारी कड, सरकपट्टी, स्क्रूंची डोकी, हे सगळं पुसा. लगेच कोरड्या फडक्याने, मग उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण सुकवा, आणि सुकल्याबरोबर तेलाचा पातळ हात. मध्ये दुसऱ्या कामाला उठून जायचं नाही. पावसाळ्यातल्या आमच्या हवेत ओलं लोखंड संध्याकाळपर्यंत तांबूस झालेलं असतं.

चढलेला गंज अगदी बारीक स्टील वूल आणि मशीन ऑइलने निघतो. सुईदांड्यावर मात्र दांड्याच्या लांबीनेच हात फिरवा आणि निघालेली पूड पुसून घ्या, नाहीतर ती बुशमध्ये जाऊन तिथे खरवडत बसेल. खड्डे पडले असतील तर ते राहणार. राहू देत, शिवणीला त्याने फरक पडत नाही. सुईपट्टीच्या भोकाची कड मात्र बघाच. सुई चुकून आपटली असेल तर तिथे कंगोरे उठतात. सुती दोरीला थोडं तेल आणि बारीक एमरी पूड लावून भोकातून ओढत राहिलं की कड गुळगुळीत होते.

मग तेल घालायचं. जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे एक थेंब. वरची भोकं, झाकणीच्या आतले सांधे, खालचे सांधे, शटलच्या खोबणीत एक थेंब. एकच. जास्त घातलं की ते पहिल्याच पांढऱ्या कापडावर उतरतं. चाक हाताने बराच वेळ फिरवा आणि रद्दी कापडावर दोऱ्याशिवाय शिवून घ्या, काळं तेल उतरायचं थांबेपर्यंत. आपलं जुनं मशीन रोज चालत असेल तर आठवड्याला एकदा तेल, महिन्याने एकदा वापरत असाल तर प्रत्येक वेळी बसण्याआधी.

सुई, दोरा, टेन्शन

टाका नीट पडत नाही म्हणजे आधी सुई बदला. हे इतकं सोपं आहे म्हणूनच कोणी करत नाही. आमच्या हवेत डबीतल्या नव्या सुईलाही तांबेरा चढतो, म्हणून सुयांची पुडी मशीन ऑइलच्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डबीत ठेवावी. सुई वाकडी आहे का ते बघायचं असेल तर तिची चपटी बाजू आरशाच्या काचेवर टेकवा. काच आणि सुई यांच्यामधली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे.

घरगुती मशीनला चपट्या मुळाची एचए सुई लागते. कारखान्यातल्या मशीनची डीबी सुई पूर्ण गोल असते. दुकानदार घाईत ती देतो, ती कशीबशी बसतेही आणि मग टाके सुटतात. घरी आणल्यावर बघा. सुईला एका बाजूने लांब खाच असते. दोरा नेहमी खाचेच्या बाजूने ओवायचा, आणि चपटी बाजू शटलच्या टोकाकडे येते. सुई वर पूर्ण टेकेपर्यंत सारून मगच स्क्रू आवळा. मलमल-वॉइलला ११ नंबर, ब्लाउज पीसला १४, जाड सुती आणि पडद्यांना १६. जीन्सला १८, आणि तीही हलक्या हाताने.

टेन्शनबद्दल. खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी झाली की सगळे बॉबिनकडे धावतात. खालची जाळी वरच्या दोऱ्याच्या ढिलाईने होते. जुन्या मशिनांत त्याचं कारण बहुतेक वेळा या दोनांपैकी एक सापडतं: दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मध्ये गेलेलाच नाही, किंवा चकत्यांत दोऱ्याचा तुकडा अडकून त्या मिटत नाहीत. दोरा ओवताना पाय वर उचललेला हवा, तेव्हाच चकत्या उघडतात. ओवून झाल्यावर पाय खाली टाका आणि दोरा ओढा. आता तो जड लागला पाहिजे. पाय खाली असूनही सुळकन निघत असेल तर समोरचं बटण आणि स्प्रिंग काढा, चकत्यांच्या आतल्या बाजू पुसा, गंज असेल तर घासून गुळगुळीत करा. दोन चकत्या एकमेकींकडे फुगीर पोट करून बसतात. काढायच्या आधी फोटो घेतला असेल तर हा घोळ होत नाही. दोरा वर खेचणारी बारीक तारेची स्प्रिंग तिथेच असते, ती वाकवू नका.

खालचं टेन्शन तपासायला बॉबिन केसमधून आलेला दोरा धरून केस हवेत लोंबकळत सोडा. आपोआप खाली घसरली तर ढिली. हाताला हलका झटका दिल्यावर थोडीशी उतरून थांबली की बरोबर. कमी-जास्त करायचं असेल तर केसवरचा बारीक स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवायचा. तो निसटून पडला तर चादरीवरच सापडेल, शेणाने सारवलेल्या जमिनीवर नाही.

मग वर लाल, खाली पांढरा असे दोन रंगांचे दोरे घालून दुहेरी मांजरपाटावर शिवून बघा. गाठ कापडाच्या मध्ये लपली की झालं.

सुई नवी, दोरा नीट, तरी टाके सुटतायत, तेव्हा कुठे शटल आणि सुईचा मेळ बघायचा. सुई अगदी खालच्या टोकाला नेऊन चाक आपल्याकडे फिरवत ती दोन-अडीच मिलिमीटर वर आणा. त्या क्षणी शटलचं टोक सुईच्या नाकाच्या जरासं वर, सुईला जवळजवळ चाटून जायला हवं. पुढे-मागे होत असेल तर बहुधा सुईदांडा आपल्या जागेवरून सरकलाय, कधीतरी जाड शिवणीवर सुई आपटून. झाकणीच्या आतला दांडा पकडणारा स्क्रू ढिला करून दांडा केसभर वर-खाली करता येतो. बऱ्याच दांड्यांवर त्यासाठी रेघा कोरलेल्या असतात. यापलीकडे खालच्या शाफ्टचे स्क्रू मात्र घरी सोडू नका, तिथे अनुभवी मेकॅनिकच हवा.

मोटर, पेडल आणि वायर

इथवर प्लग भिंतीत गेलेला नाही. आता आधी मोटरवरची पत्र्याची पट्टी वाचा. २२०-२४० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर चालेल. आमच्या भागात बरीच मशिनं आखातातून, आफ्रिकेतून, जहाजावरच्या माणसांनी आणलेली. अमेरिकेतलं मशीन ११० व्होल्टचं असतं, जपानच्या घरगुती बाजारातलं १०० चं, आणि सौदीत पूर्वी १२७ व्होल्टचाही पुरवठा होता. असं मशीन सरळ प्लगला लावलं तर मोटर क्षणभर वेड्यासारखी पळते आणि जळते. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. मोटर आणि दिवा मिळून शंभर वॉटच्या आसपास जातात, म्हणून २०० व्हीएचा घ्यावा. मशीनचा छोटा दिवाही त्याच व्होल्टेजचा असतो, तोही विसरू नका.

मग वायर. जुन्या मशीनच्या वायरीत आत रबर आणि वर सुती विणकाम असतं. वाकवून बघा. रबर कुरकुरीत होऊन गळत असेल, तांब्याची तार हिरवी पडली असेल, तर इन्सुलेशन टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. पूर्ण वायर बदला. बदलताना तीन तारांची वायर घ्या आणि हिरवी तार मशीनच्या लोखंडी अंगाला, रंग खरवडलेल्या जागी, रिंग लावून स्क्रूने घट्ट करा. पेडल लोखंडी असेल तर त्यालाही. जुन्या दोन पिनांच्या मशिनांना अर्थिंग नसतं, आणि आपण शहाबादी फरशीवर अनवाणी बसून लोखंडाला हात लावून शिवतो, जुलैत तर फरशीला घाम फुटलेला असतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो मशीनच्या आधी बसवून घ्या. वायरिंगचं काम जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, लाज वाटायचं कारण नाही.

मल्टिमीटर असेल तर ओहमच्या सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवा. एक टोक प्लगच्या वीज येणाऱ्या पिनला, दुसरं मशीनच्या उघड्या लोखंडाला. मग दुसऱ्या पिनला. पेडल दाबून आणि न दाबता, दोन्ही. काहीच आकडा न येणं हे चांगलं. एक मेगओहमच्या खाली आकडा दिसला तर मशीन वीज लावण्याजोगं नाही. पावसाळ्यात पडून राहिलेल्या मोटरमध्ये ओल जाऊन आकडा खाली येतो. मोटर कडक उन्हात, किंवा साध्या पिवळ्या बल्बच्या उबेशी एक-दोन दिवस ठेवून परत मोजा. वर चढला तर नुसती ओल होती. नाही चढला तर आतली वाइंडिंग किंवा वायर गेली. इलेक्ट्रिशियनकडे ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वीजगळती तपासायचा मीटर, असतो, त्याचं मोजमाप घरच्या मीटरपेक्षा भरवशाचं.

मोटरच्या दोन बाजूंना स्क्रूच्या टोप्या असतात. त्याखाली स्प्रिंग आणि कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा काळा तुकडा. टोपी उघडताना अंगठा दाबून धरा, स्प्रिंग उडते. कार्बन कोणत्या बाजूचा आणि कसा वळलेला होता ते पेन्सिलीने लिहून ठेवा, कारण त्याचं टोक आतल्या गोलाईला घासून तसं बनलेलं असतं. फुटला असेल किंवा स्प्रिंग टेकेनाशी झाली असेल तर दोन्ही एकदम बदला. आतला तांब्याचा गोल काळा असेल तर काडीला सुती कापड गुंडाळून, कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब घेऊन पुसा. एमरी पेपर इथे नको, त्याची पूड तांब्याच्या पट्ट्यांमध्ये जाऊन बसते. काही सिंगर मोटरांना ग्रीसच्या बारीक नळ्या असतात. तिथे मोटरचं मऊ ग्रीसच भरायचं, तेल नाही. तेल ओघळून कार्बनवर गेलं की ठिणग्या सुरू.

पेडल उघडलंत तर आत दोन तऱ्हा दिसतील. चिनी मातीच्या नळीत कार्बनच्या चकत्यांची चळत, किंवा तारेची गुंडाळी. चकत्या दाबल्या की वाट मोकळी, सोडल्या की अडसर. चकती फुटली तर मशीन एकदम पळतं, हळू चालतच नाही. पण जास्त वेळा दिसतं ते दुसरंच. पाय उचलला तरी मशीन मंद चालूच राहतं, रात्री लोक भुताटकी म्हणतात. तो पेडलमधला किंवा मोटरजवळचा कपॅसिटर असतो. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून घातलेला, कागदाचा, इतक्या वर्षांत ओल धरून गळका झालेला. तो कधीतरी फट्कन फुटून धूर सोडतो. दोन तारांच्या मधला असेल तर ०.१ मायक्रोफॅरडचा, एक्स-२ लिहिलेला, २७५ व्होल्ट एसीचा बसवा. मशीनच्या अंगाला जोडलेला दिसला तर इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. कपॅसिटर नसला तरी मोटर चालते.

पहिल्यांदा वीज लावताना थेट लावू नका. प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो, शंभर वॉटचा जुना बल्ब मशीनच्या रांगेत जोडलेला. पट्टा न चढवता पेडल दाबा. बल्ब पूर्ण तेजाने पेटला आणि मोटर ढिम्म, तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब मिणमिणला आणि मोटर सावकाश फिरायला लागली, तर ठीक. मग सरळ लाइनवर. कार्बनपाशी बारीक निळ्या ठिणग्या असतातच. पिवळ्या ज्वाळेचं कडं दिसलं, जळक्या वार्निशचा वास आला, तर लगेच प्लग काढा. संध्याकाळी व्होल्टेज उतरलेलं असताना मोटर घुं करून थांबते. तेव्हा पेडल दाबून धरायचं नाही, चाकाला हात देऊन सुरू करा किंवा काम सकाळवर टाका.

पट्टा चढवताना मधोमध बोटाने दाबला की सेंटिमीटरभर आत जायला हवा. त्याहून ताणला तर मोटरचे बुश झिजतात आणि ती तापते. रबराचा पट्टा आमच्याकडे चिकट होतो, त्यावर पावडर टाकून उपयोग नाही, नवा घ्या.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी करताना मशीन विसरू नका. प्लास्टिकचं कव्हर काढून जुन्या सुती साडीचं घाला. प्लास्टिकखाली ओल कोंडते. पत्र्याच्या पेटीत ठेवत असाल तर आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या मध्ये मध्ये तव्यावर गरम करून सुकवायच्या. बाहेरच्या खिडकीपासून मशीन दूर, भिंतीला न टेकता. मे अखेरीस एकदा तेलाचा पातळ हात, आणि पाऊस चालू असताना आठवड्यातून एकदा तरी पाच मिनिटं शिवायला बसा, काही नसेल तर फडकी तरी शिवा. वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा.

सुटे भाग सावंतवाडीत मिळतात, नाहीतर कोल्हापूरला. जाताना जुनी बॉबिन केस, बॉबिन, सुई आणि तुटलेला पट्टा बरोबर न्या. दुकानदाराला मशीनचं नाव सांगून भागत नाही, हातात वस्तू ठेवावी लागते. नवी बॉबिन केस घ्यायच्या आधी आपलं बॉबिन तिच्यात घालून दोरा ओढून बघा. स्वस्तातल्या केसचा पत्रा आतून खरखरीत असतो, दोरा अडखळत आला तर तिथेच परत करा.